रॉबिन कुठे गेला?

१९९६ साली ऑस्करच्या नामांकनांत 'बॅटमॅन फॉरएव्हर' हे नाव तीन ठिकाणी होतं: छायाचित्रण, ध्वनी आणि ध्वनिपरिणामांचं संकलन. दोन वर्षांनी त्याच्या पुढच्या भागाला अकरा नामांकनं मिळाली. दिग्दर्शक तोच, कॅमेरामन तोच, निऑन दिव्यांनी लखलखणारं गॉथम शहर उभं करणारी कलादिग्दर्शिकाही तीच. फक्त ही अकरा नामांकनं 'गोल्डन रॅस्पबेरी'ची होती, म्हणजे वर्षातल्या सगळ्यांत वाईट कामाला थट्टेने दिल्या जाणाऱ्या बक्षिसांची.

हा पुढचा भाग म्हणजे 'बॅटमॅन अँड रॉबिन'. २० जून १९९७ रोजी अमेरिकेत लागला. जॉर्ज क्लूनी बॅटमॅन, क्रिस ओ'डॉनल रॉबिन, अ‍ॅलिशिया सिल्व्हरस्टोन बॅटगर्ल, उमा थर्मन पॉयझन आयव्ही. आणि पाटीवर सगळ्यांच्या आधी नाव अर्नोल्ड श्वार्झनेगरचं, जो व्हिलन होता. आज मोबाइलवर 'सर्वांत वाईट सुपरहिरो सिनेमे' अशी कुठलीही यादी उघडा, हा त्यात असतोच. रॉटन टोमॅटोजवर त्याला शंभरात बाराच्या आसपास गुण आहेत. गंमत म्हणजे तो लागला तेव्हा रॉटन टोमॅटोज अस्तित्वातच नव्हतं. ती साइट सुरू झाली ऑगस्ट १९९८ मध्ये. म्हणजे हा निकाल नंतर, जुनी परीक्षणं गोळा करून लावलेला आहे.

सिनेमा वाईट आहे, यावर मी वाद घालणार नाही. पण त्यावरची टीका ओळीने वाचत गेलं की तिच्यात दोन वेगळ्या तक्रारी गुंतलेल्या दिसतात. एक अशी, की हा सिनेमा नाही, खेळण्यांची जाहिरात आहे. दुसरी अशी, की हा भडक आहे, नटवा आहे, बायकी आहे. पहिली तक्रार स्टुडिओच्या दारात जायला हवी होती. दुसरी खूप जुनी आहे, सिनेमापेक्षा चाळीसएक वर्षांनी जुनी. आणि शिक्षा झाली ती मुख्यतः दुसरीची.

•

बॅटमॅन कॉमिकमध्ये आला १९३९ साली आणि रॉबिन वर्षभराने, १९४० मध्ये. सर्कशीत आईबाप गमावलेला पोरगा, त्याला ब्रूस वेन घरी आणतो. मुलं वाचतात तर गोष्टीत एक मूल हवं, इतकं साधं व्यापारी गणित. चौदा वर्षं कोणाला त्यात काही खटकलं नाही.

१९५४ मध्ये फ्रेडरिक वर्थम या मानसोपचारतज्ज्ञाचं 'सिडक्शन ऑफ द इनोसंट' हे पुस्तक आलं. कॉमिक वाचून मुलं बिघडतात, हा त्याचा सिद्धांत. त्यात त्याने बॅटमॅन-रॉबिनच्या घराचं वर्णन करून म्हटलं, की हे म्हणजे एकत्र राहणाऱ्या दोन समलिंगी पुरुषांचं स्वप्न आहे. आज कोणी 'मग काय बिघडलं?' असं विचारू शकतं. १९५४ च्या अमेरिकेत मात्र हा शब्द नोकरी घालवायला पुरेसा होता. त्याच वर्षी सिनेटच्या उपसमितीपुढे कॉमिकची चौकशी झाली आणि घाबरलेल्या प्रकाशकांनी स्वतःवरच 'कॉमिक्स कोड' नावाची सेन्सॉरशिप लादून घेतली.

वर्थमची कागदपत्रं २०१० मध्ये अभ्यासकांना खुली झाली. कॅरल टिली या अभ्यासिकेने ती तपासली, तेव्हा त्याने पुरावे वाकवल्याचं दिसलं. बॅटमॅनबद्दल बोलणाऱ्या दोन तरुणांची विधानं त्याने एकाच्याच तोंडी घातली होती आणि त्यांना टारझन जास्त आवडायचा, हे गाळलं होतं. पण हे कळायला जवळपास साठ वर्षं गेली. तोवर बॅटमॅनच्या कर्त्यांनी आपली बाजू सावरून घेतली होती. १९५६ मध्ये बॅटवुमन आली, ब्रूसवर प्रेम करायला. १९६१ मध्ये बॅट-गर्ल आली, रॉबिनसाठी. १९६४ मध्ये तर आल्फ्रेड या बटलरला मारूनच टाकलं आणि त्याच्या जागी हॅरिएट नावाची आत्या वेनच्या वाड्यात राहायला आणली. तीन पुरुषांचं घर बरं दिसत नाही, म्हणून घरात एक बाई आणली, असं तेव्हापासून बोललं जातं. स्थळ बघायला पाहुणे येणार म्हणून घर आवरावं, तसा सगळा प्रकार.

मग जानेवारी १९६६ मध्ये एबीसी वाहिनीवर अ‍ॅडम वेस्टची मालिका सुरू झाली आणि आवरलेलं घर पुन्हा रंगीबेरंगी झालं. जांभळी-पिवळी पार्श्वभूमी, तिरके कॅमेरे, ठोसा बसला की पडद्यावर मोठ्या अक्षरांत त्याचा आवाज. १२० भाग झाले. दोनच वर्षांपूर्वी सुझन सोन्टॅगने 'कॅम्प' या अभिरुचीवर आपला गाजलेला निबंध लिहिला होता. 'कॅम्प'ला मराठीत नेमका शब्द नाही. अतिरेक, नटवेपणा, खोटेपणा यांची समजून-उमजून घेतलेली मजा, असं काहीसं म्हणता येईल. ही अभिरुची समलिंगी पुरुषांच्या वर्तुळात विशेष जोपासली गेली, हे सोन्टॅगनेही नोंदवलं होतं. वेस्टची मालिका म्हणजे कॅम्प थेट दिवाणखान्यात. मुलं ती साहस म्हणून बघायची, मोठी माणसं विनोद म्हणून.

कॉमिकच्या कट्टर वाचकांना मात्र ती कायमची लागली. आपल्या नायकाला हसताहेत, म्हणजे आपल्याला हसताहेत. सत्तरच्या दशकात डेनिस ओ'नील आणि नील अ‍ॅडम्स यांनी कॉमिकमधल्या बॅटमॅनला पुन्हा अंधारात नेलं, १९८६ मध्ये फ्रँक मिलरने त्याला म्हातारा, कडवट आणि हिंस्र केलं. तेव्हापासून 'खरा बॅटमॅन' म्हणजे काळा बॅटमॅन, हे समीकरण पक्कं झालं. १९८९ च्या सिनेमात मायकल कीटनला घेतल्याचं जाहीर झालं, तेव्हा वॉर्नर ब्रदर्सकडे निषेधाच्या पत्रांचा पाऊस पडला. कीटन विनोदी नट आणि टिम बर्टन विनोदी सिनेमाचा दिग्दर्शक, म्हणजे पुन्हा १९६६ होणार, ही धास्ती. सिनेमा आला, काळाकुट्ट निघाला, जगभरात ४१ कोटी डॉलर कमावले आणि धास्ती शांत झाली. गेली नाही.

•

आता खेळण्यांची गोष्ट, जी मला जास्त महत्त्वाची वाटते.

बर्टनचा दुसरा भाग 'बॅटमॅन रिटर्न्स' १९९२ मध्ये आला. त्यातला पेंग्विन तोंडातून काळा चिकट द्राव गाळतो आणि कॅटवुमन चामड्याच्या फाटक्या पोशाखात चाबूक चालवते. मॅकडोनल्ड्सने मात्र सिनेमाशी जोडून हॅपी मीलमध्ये खेळणी वाटली होती. पालक चिडले. लहान मुलांना जेवणाबरोबर या सिनेमाची जाहिरात कशी देता, असा ओरडा झाला. कंपनीला खुलासे करावे लागले. कमाईही उतरून साडेसव्वीस कोटी डॉलरवर आली.

स्टुडिओने यातून धडा घेतला तो अगदी सरळ: अंधार कमी करा, रंग वाढवा. बर्टन नावापुरता निर्माता उरला आणि दिग्दर्शनाला जोएल शूमाकर आला. 'बॅटमॅन फॉरएव्हर'ने ३३ कोटींहून जास्त कमावले. मग पुढच्या भागाची तारीख लगेच ठरली आणि खेळण्यांची कंपनी डिझाइनच्या टप्प्यापासूनच बरोबर बसू लागली. या धंद्यात एक शब्द आहे, 'टॉयेटिक', म्हणजे ज्याचं खेळणं बनेल असं. गाडी टॉयेटिक हवी, सूट टॉयेटिक हवा, शेवटच्या लढाईत तिघांचे सूट बदलायला हवेत, कारण बदललेला सूट म्हणजे नवं खेळणं. आपण सिनेमा नाही, खेळण्याची जाहिरात करतोय असं वाटायचं, हे ओ'डॉनलने पुढे एका माहितीपटात सांगितलं. जॉन ग्लोव्हर या नटाने सांगितलेली आठवण अशी, की शूमाकर क्रेनवरून भोंग्यात ओरडायचा: लक्षात ठेवा, हे कार्टून आहे.

शूमाकर मूळचा दुकानांच्या काचेरी खिडक्या सजवणारा. मग वेशभूषाकार, वुडी अ‍ॅलनच्या 'स्लीपर'चे कपडे त्याचे. मग 'द लॉस्ट बॉईज', 'फॉलिंग डाउन' यांसारख्या सिनेमांचा दिग्दर्शक. तो समलिंगी होता आणि ते त्याने लपवलं नव्हतं. त्याने बॅटमॅनचा रबरी सूट ग्रीक पुतळ्यांसारखा घडवून घेतला, स्नायूंसह, स्तनाग्रांसह. ती 'फॉरएव्हर'मध्येही होती, तेव्हा कोणी फारसं बोललं नव्हतं. १९९७ मध्ये ती अधिक ठसठशीत झाली आणि त्यानंतर आजतागायत या सिनेमाबद्दल एक वाक्य लिहायचं असेल, तर ते त्यांच्यावरच लिहिलं जातं.

•

सिनेमा खरंच कुठे फसतो? भडकपणात नाही, असं माझं मत आहे.

मि. फ्रीझचं पात्र बघा. हा पूर्वी एक हास्यास्पद व्हिलन होता. १९९२ च्या कार्टून मालिकेत पॉल डिनी आणि ब्रूस टिम यांनी 'हार्ट ऑफ आइस' या भागात त्याला एक आजारी, गोठवून ठेवलेली बायको दिली, आणि तो एकदम शोकनायक झाला. त्या भागाला एमी पुरस्कार मिळाला. शूमाकरच्या सिनेमाने ही बायको उचलली. श्वार्झनेगर काचेआड तरंगणाऱ्या तिच्याकडे बघून अश्रू ढाळतो. आणि पुढच्याच प्रसंगात बर्फावर कोटी करतो. मग आणखी एक. मग आणखी एक. थंडी, गारठा, हिमयुग, काही सुटत नाही. आल्फ्रेड मरणाच्या दारात आहे आणि मायकल गॉफ ते प्रसंग मनापासून करतो, पण त्या खोलीबाहेर लोक बुटांतून निघालेल्या पात्यांवर स्केटिंग करताहेत.

अ‍ॅडम वेस्टची मालिका चालली, कारण तिने एकच गोष्ट ठरवली होती: सगळे चेहरे गंभीर, सगळी परिस्थिती वेडगळ. 'बॅटमॅन अँड रॉबिन'ला डोळ्यांत पाणीही हवंय आणि टाळीही, आणि दोन्ही एकाच मिनिटात. धीट कॅम्प केला असता तर कदाचित निभावला असता. उमा थर्मन तेवढी ते करते. गोरिलाच्या सोंगातून नाचत बाहेर येणारी तिची पॉयझन आयव्ही म्हणजे १९३२ च्या 'ब्लॉन्ड व्हीनस'मधल्या मार्लीन डीट्रिचला केलेला सरळ सलाम आहे. ती एकटीच कुठल्या सिनेमात आहे ते ओळखून असल्यासारखी वाटते.

आणि ते क्रेडिट कार्ड. लिलावात बोली लावताना बॅटमॅन कमरेच्या पट्ट्यातून वटवाघळाचं चिन्ह असलेलं क्रेडिट कार्ड काढतो. चाहत्यांचा सगळ्यांत जास्त राग या प्रसंगावर. मला तो सिनेमातला सगळ्यांत प्रामाणिक क्षण वाटतो.

रॉजर ईबर्टने चारपैकी दोन तारे दिले. त्याचं परीक्षण आज वाचलं तर चकित व्हायला होतं, कारण सुरुवात उत्साहाची आहे. गॉथमचे मनोरे त्याला पुन्हा भावले. अर्ध्या तासानंतर त्याचा आनंद ओसरू लागला, कारण पात्रांच्या मनात डोकावण्याचा इथे कोणाचा इरादाच नाही, हे त्याच्या लक्षात आलं. सॅन फ्रान्सिस्को क्रॉनिकलच्या मिक लासालने क्लूनीला या मालिकेतला जॉर्ज लेझनबी म्हटलं, म्हणजे एकदाच बाँड होऊन विसरला गेलेला. ही परीक्षणं कठोर आहेत, पण ती सिनेमाबद्दल आहेत.

राग तापला तो दुसरीकडे. १९९६ मध्ये ऑस्टिनमधून हॅरी नोल्सने 'एन्ट इट कूल न्यूज' ही साइट सुरू केली होती. प्रदर्शनापूर्वीच्या चाचणी खेळांना गेलेले लोक तिथे टोपणनावाने लिहीत. 'बॅटमॅन अँड रॉबिन' लागायच्या आधीच तिथे त्याची सालटी निघाली होती. आज ट्रेलर येण्याआधी सिनेमा 'संपवणं' रोजचं झालंय, तेव्हा ते नवं होतं. पहिल्या शुक्रवार-शनिवार-रविवारी चार कोटी तीस लाख डॉलरच्या आसपास गल्ला जमला. पुढच्या आठवडाअखेरीस तो ६३ टक्क्यांनी कोसळला. वॉर्नरच्या माणसांनी इंटरनेटला बोल लावला. त्यात तथ्य किती हे मोजणं अवघड आहे, कारण त्याच दुसऱ्या आठवड्यात जॉन वूचा 'फेस/ऑफ' लागला होता आणि तो सरळसरळ चांगला सिनेमा होता. शिवाय पहिल्या तीन दिवसांच्या प्रेक्षकांनी सिनेमास्कोरच्या पाहणीत 'सी प्लस' दिला होता. घरी जाऊन शेजाऱ्यांना ते काय सांगत असतील, याचा अंदाज येतो.

जगभरातली कमाई २३ कोटी ८० लाख. खर्च किमान साडेबारा कोटी. बुडीत नव्हे, पण मालिकेतली सर्वांत कमी.

•

मग दोष कोणाला?

अ‍ॅलिशिया सिल्व्हरस्टोन तेव्हा वीस वर्षांची होती. 'क्लूलेस'मुळे एका रात्रीत प्रसिद्ध झालेली. १९९६ च्या ऑस्कर सोहळ्यात ती दिसली आणि टॅब्लॉइड वर्तमानपत्रांनी तिच्या वजनावर मथळे सजवले. बॅटगर्लच्या नावातलं एक अक्षर बदलून 'फॅटगर्ल' केलं. चित्रीकरणभर हे चाललं. शूमाकर तिच्या बाजूने उघडपणे बोलला, पण त्याने काही थांबलं नाही. अकरा नामांकनांपैकी एकच रॅस्पबेरी प्रत्यक्षात दिली गेली, आणि ती तिला. अभिनयावरचं आपलं प्रेमच पुढे बराच काळ आटलं, असं तिने नंतर सांगितलं. ज्या सिनेमात श्वार्झनेगरचं मानधन अडीच कोटी डॉलर असल्याच्या बातम्या होत्या, त्या सिनेमाची बदनामी या मुलीने भरली.

दुसरा शूमाकर. त्याच्यावरच्या टीकेचा सूर हळूहळू 'सिनेमा फसला' वरून 'याने बॅटमॅनला गे केलं' वर घसरला. हा वाक्प्रचार चेष्टेत सर्वत्र वापरला गेला. खुद्द क्लूनीने २००६ मध्ये एका टीव्ही मुलाखतीत तो हसत हसत स्वतःवर घेतला. हसण्यासारखं त्यात होतं, नाही असं नाही. पण बघा, १९५४ मध्ये वर्थमने ठेवलेला आरोप शब्दशः परत आला होता. या खेपेला तो करणारे मुलांच्या नीतीची काळजी वाहणारे डॉक्टर नव्हते, कॉमिकचे चाहतेच होते. रंग कोणी मागितला, सूट दर अर्ध्या तासाने का बदलायचे, दोन वर्षांत घाईने दुसरा भाग का, हे सगळं ठरवणाऱ्या माणसांची नावं कोणी शोधली नाहीत. खिडक्या सजवणारा गे दिग्दर्शक समोर उभा होता.

तो माफी मागत राहिला. २००५ मध्ये डीव्हीडीच्या विशेष आवृत्तीत मागितली. २०१७ मध्ये, सिनेमाला वीस वर्षं झाली तेव्हा, मुलाखतीत पुन्हा मागितली. या सिनेमानंतर लोक आपल्याशी असे वागले की जणू आपण तान्ह्या बाळाचा खून केलाय, असंही तो म्हणाला. वॉर्नर ब्रदर्सने अशी माफी मागितल्याचं माझ्या तरी वाचनात नाही. खेळणी बनवणाऱ्यांनीही नाही.

•

शूमाकरचा पुढचा बॅटमॅन रद्द झाला. आठ वर्षं काही आलं नाही. २००५ मध्ये क्रिस्टोफर नोलनचा 'बॅटमॅन बिगिन्स' आला. त्यात सूट म्हणजे लष्करी सामग्री, गाडी म्हणजे रणगाडा, प्रत्येक वस्तूला कारण. ग्रीक पुतळा गेला. पुढे मार्व्हल स्टुडिओजचा प्रमुख झालेल्या केव्हिन फाइगीने एकदा म्हटलं, की 'बॅटमॅन अँड रॉबिन' हा कदाचित सर्वांत महत्त्वाचा कॉमिकपट असेल. तो इतका वाईट होता, की नव्या पद्धतीने काम करणं भाग पडलं, मूळ कॉमिकचा मान राखणारे आणि 'कॅम्प' नसलेले सिनेमे बनवायला वाट मिळाली. म्हणजे आज तुम्ही-आम्ही जे सुपरहिरो सिनेमे बघत मोठे झालो, त्यांच्या पायात या सिनेमाचा तिरस्कार भरलेला आहे.

या पायाभरणीत एकजण गाडला गेला. सिनेमाच्या नावातला दुसरा. १९९७ नंतर एकाही मोठ्या बॅटमॅन सिनेमात, कार्टून आणि लेगो सोडून, रॉबिन त्याच्या वेशात बॅटमॅनच्या शेजारी उभा राहिलेला नाही. ख्रिश्चन बेलने तर रॉबिन आला तर मी स्वतःला साखळीने बांधून घेईन आणि कामावर येणार नाही, असं म्हटलं होतं. नोलनच्या तिसऱ्या भागात शेवटी एका पोलिसाचं नाव रॉबिन असल्याचं कळतं, तेवढंच. 'बॅटमॅन व्हर्सेस सुपरमॅन'मध्ये त्याचा सूट दिसतो, रिकामा, काचेच्या कपाटात. ऐंशीहून जास्त वर्षं कॉमिकमध्ये ज्याच्याशिवाय बॅटमॅनचं पान हलत नाही, तो पडद्यावर चालत नाही. एकटा, चिडलेला, काळा पुरुष चालतो. ज्याला सोबत लागते, जो भडक पिवळा झगा घालतो, ज्याच्यामुळे घरात कोणी हसतं, तो नको.

कॉमिकने वाट बदलली. ऑगस्ट २०२१ मध्ये टिम ड्रेक या तिसऱ्या रॉबिनला एका मुलाने भेटायला येशील का विचारलं आणि तो हो म्हणाला. डीसी कॉमिक्सने ते छापलं, बातम्या झाल्या, काहींनी आरडाओरडा केला, अंक पुढे निघत राहिले.

शूमाकर त्याआधीच, २२ जून २०२० रोजी गेला. तीन वर्षांनी, जून २०२३ मध्ये 'द फ्लॅश' लागला. त्याच्या अगदी शेवटी एक गाडी थांबते आणि ब्रूस वेन म्हणून जॉर्ज क्लूनी उतरतो, पंचविसाहून जास्त वर्षांनी. तो साध्या कपड्यांत आहे. गाडीत दुसरं कोणी नाही.